ग्रीलीचं खरं बळ साप्ताहिकात होतं

पत्रकारितेच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: होरेस ग्रीलीला एकोणिसाव्या शतकातला एवढा मोठा अमेरिकन संपादक का मानतात? 'तरुणा, पश्चिमेला जा' या एका वाक्याखेरीज त्याच्या नावावर आहे काय? राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला, ज्या समाजवादी वसाहतींचं कौतुक केलं त्या बुडाल्या, अमेरिकन यादवी युद्धाबद्दल तर आज एक आणि उद्या एक. मग प्रभाव कसला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं लांबेल, कारण मला ते एका आडवाटेने द्यायचं आहे.

मी मराठी दैनिकांच्या डेस्कवर तीस वर्षांहून जास्त काढली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं डाक आवृत्तीवर. आता ही भानगड नव्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो: डाक आवृत्ती म्हणजे संध्याकाळीच पानं सोडून रात्रीच्या एसटीने तालुक्याला धाडायचा अंक. शहर आवृत्तीवाले तिच्याकडे नाक मुरडून बघत. शिळ्या बातम्या, उशिरा पोचणारा अंक, कोण वाचतो? पण कार्यालयात येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा सोडला की निम्म्याहून जास्त पत्रं त्या डाक आवृत्तीच्या वाचकांची निघत. अंक संध्याकाळपर्यंत पुरवून वाचणारा, शेजाऱ्याला देणारा, कात्रण काढून ठेवणारा वाचक तिकडचा.

म्हणून ग्रीलीकडे वळलो तेव्हा माझं लक्ष त्याच्या 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या दैनिकापेक्षा 'वीकली ट्रिब्यून'कडे आधी गेलं. आणि माझं मत झालं की त्याचं सगळं बळ तिथे होतं. तो कागद सोडून स्वतः राजकारणाच्या मैदानात उतरला तेव्हा तेव्हा आपटला. त्याच्या हरण्याच्या ज्या गोष्टी तुम्ही मोजल्यात, त्या बहुतेक मैदानातल्या आहेत.

आधी माणूस. जन्म ३ फेब्रुवारी १८११, न्यू हॅम्पशरमधल्या ॲमहर्स्टजवळच्या शेतावर. बाप कर्जात बुडाला, शेत गेलं, कुटुंब व्हरमाँटमध्ये मोलमजुरीला आलं. पोरगा वाचनवेडा, पण शाळा तुटक. पंधराव्या वर्षी तो ईस्ट पुल्टनीच्या 'नॉर्दर्न स्पेक्टेटर' या गावठी साप्ताहिकात उमेदवारीला लागला आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकला. १८३० मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं. काही महिने पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी गावी काढून ऑगस्ट १८३१ मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला तो खिशात दहाएक डॉलर घेऊन. (त्यानंतर पाचच महिन्यांनी, ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. दोघांचा संबंध काही नाही, पण मला काळाचा अंदाज घ्यायला ही खूण उपयोगी पडते.)

न्यूयॉर्कात पहिलं काम मिळालं ते असं की दुसरे जुळारी त्याला हात लावत नव्हते. खिशात मावेल एवढा छोटा 'नवा करार', बारीक टाइप, अरुंद स्तंभ आणि सोबत टिपा. दिवसभर डोळे फोडावेत तेव्हा थोडी मजुरी सुटायची. पोराने ते पुरं केलं. जुने जुळारी मी पाहिले आहेत. उलटी अक्षरं सुलट वाचणारी ती माणसं मजकूर नुसता लावत नसत, मनातल्या मनात संपादितही करत. ग्रीली शेवटपर्यंत तसाच राहिला. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं अक्षर इतकं भयंकर होतं की ते लावणं ट्रिब्यूनच्या जुळाऱ्यांना शिक्षा वाटे. त्या अक्षराच्या आख्यायिकाच पुष्कळ आहेत. त्याने नोकरीवरून काढल्याची चिठ्ठी दिली आणि त्या माणसाने तीच शिफारसपत्र म्हणून दाखवून दुसरीकडे नोकरी मिळवली, ही त्यातली सगळ्यात लाडकी. खरी असेलच असं नाही, पण छापखान्यात अशा गोष्टी कुणी तपासत बसत नाही.

१८३३ मध्ये त्याचा स्वस्त दैनिकाचा पहिला प्रयोग काही आठवड्यांत आटोपला. १८३४ पासून 'न्यूयॉर्कर' नावाचं वाङ्मयीन साप्ताहिक (आजच्या त्या नावाच्या मासिकाशी संबंध नाही) चाललं, गाजलं, पैसा मात्र मिळाला नाही. वर्गणीदार वर्गणीच पाठवत नसत. हे वाचताना मला हसू आलं, कारण या एका बाबतीत अमेरिका आणि आपण यांत फरक नाही. १८४० च्या निवडणुकीत व्हिग पक्षासाठी त्याने 'लॉग कॅबिन' हे प्रचारपत्र काढलं आणि त्याचा खप ऐंशी हजारांच्या घरात गेला. गावोगावच्या वाचकाला काय हवं असतं ते त्याला तिथे कळलं. गाणी हवीत, चित्रं हवीत, पण त्याबरोबर आकडे आणि युक्तिवादही हवेत.

१० एप्रिल १८४१. उसने हजार डॉलर घेऊन ट्रिब्यूनचा पहिला अंक निघाला. नवे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन पदावर येऊन महिना झाला आणि वारले होते, आणि त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या शोकयात्रेची मिरवणूक होती. हवा थंड, बर्फाळ. पाच हजार प्रती छापल्या आणि त्या फुकट वाटून टाकण्यात आपण जवळजवळ यशस्वी झालो, असं ग्रीलीनेच नंतर लिहून ठेवलं आहे. काही आठवड्यांत मात्र खप दहा हजारांपुढे गेला.

तेव्हा एक-दोन सेंटची वृत्तपत्रं न्यूयॉर्कात होतीच. बेंजामिन डेचं 'सन' १८३३ पासून आणि जेम्स गॉर्डन बेनेटचं 'हेरल्ड' १८३५ पासून. दोन्ही खून, खटले, भानगडी यांच्यावर पोसलेली. एक सेंटचा वाचक उथळच असणार, हे त्यांचं गृहीत. ग्रीलीने तेच मोडलं. किंमत एक सेंटच ठेवली आणि आत काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेतली) भाषणं, शेती, आयातकर, पुस्तकं, कामगारांचे प्रश्न घातले. धंद्याची बाजू टॉमस मॅकएलरथ या भागीदाराने सांभाळली. तो नसता तर ट्रिब्यूनही 'न्यूयॉर्कर'च्या वाटेने गेला असता. ग्रीलीला पैशाचं गणित शेवटपर्यंत जमलं नाही. भेटेल त्याला उसने द्यायचा.

सप्टेंबर १८४१ मध्ये त्याने 'न्यूयॉर्कर' आणि 'लॉग कॅबिन' मिळून 'वीकली ट्रिब्यून' सुरू केलं. वर्षाला दोन डॉलर. गावातल्या काही जणांनी मिळून एकत्र वर्गणी भरली तर आणखी स्वस्त. या गटवर्गणीतली अक्कल बघा: वर्गणीदार मिळवायचं काम गावचा पोस्टमास्तर, शाळामास्तर किंवा पक्षाचा कार्यकर्ता फुकट करायचा आणि एकाच गावातले वीसजण एकच अग्रलेख वाचून त्यावर संध्याकाळी वाद घालायचे. न्यूयॉर्क शहरात बेनेटचा हेरल्ड नेहमीच ट्रिब्यूनच्या पुढे राहिला. पण १८६० च्या सुमाराला वीकली ट्रिब्यून दोन लाखांच्या आसपास खपत होतं, दैनिकाचा खप त्याच्या निम्माही नव्हता. ते जात होतं न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, ओहायोत, इलिनॉयमध्ये, विस्कॉन्सिनात, आयोवात. न्यू इंग्लंड सोडून नव्या जमिनीवर गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत. प्रवासवर्णनकार बेयार्ड टेलरने लिहिलं होतं की पश्चिमेत सगळीकडे बायबलच्या खालोखाल ट्रिब्यूनच. अतिशयोक्ती धरली तरी दिशा बरोबर आहे.

गुलामगिरीचा प्रश्न या वाचकाच्या घरात नव्हता. आयोवातल्या शेतकऱ्याने आयुष्यात गुलामांचा लिलाव पाहिलेला नसे. तो त्याला दाखवला ट्रिब्यूनने. मार्च १८५९ चं उदाहरण देतो, कारण बातमीदारी शिकवताना मी ते नेहमी देतो. फिलाडेल्फियात राहणाऱ्या पिअर्स बटलरने कर्ज फेडण्यासाठी जॉर्जियातल्या मळ्यांवरची आपली माणसं विकायला काढली. सव्हाना शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यात त्यांना ठेवलं होतं. २ आणि ३ मार्च, दोन दिवस, पाऊस पडत होता. एकूण ४३६ माणसं, बायका, पोरं. ट्रिब्यूनचा मॉर्टिमर थॉमसन हा वार्ताहर गिऱ्हाईक बनून तिथे गेला. हातात लिलावाची यादी आणि पेन्सिल. ट्रिब्यूनचा माणूस म्हणून तो ओळखला गेला असता तर धडगत नव्हती. तो उत्तरेला परतला आणि कोणाला कितीला विकलं, कोणाचे दात तपासले, कोण कोणापासून तुटलं हे त्याने मांडलं. एकूण विक्री ३,०३,८५० डॉलर.

थॉमसन एरवी विनोदी लेखन करायचा. या वृत्तांतात त्याने फार थोडी विशेषणं वापरली आहेत. आकडा, नाव, वय, किंमत. मी वर्गात सांगतो की राग आला असेल तर आकडे लिहा.

असा मजकूर वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, हजारो घरांत गेला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरी नव्या प्रदेशांत शिरणार असं दिसल्यावर उत्तरेत जो संताप उसळला आणि ज्यातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्याला भाषा वीकली ट्रिब्यूनने आधीच पुरवून ठेवली होती. पक्षाचं नावही देशभर पोचवण्यात ग्रीलीचा हात होता. दक्षिणेत ट्रिब्यून जवळ बाळगणंच धोक्याचं झालं. जानेवारी १८५६ मध्ये आर्कान्सॉचा काँग्रेस सदस्य ॲल्बर्ट रस्ट याने वॉशिंग्टनमध्ये भररस्त्यात ग्रीलीला काठीने झोडपलं. ग्रीलीने ते लिहून छापलं आणि पुढच्या कामाला लागला.

लेखनात त्याच्या बरोबरीचे बरेच होते. माणसं जमवण्यात मात्र त्याला तोड नव्हती. हेन्री रेमंड त्याच्या हाताखाली तयार झाला आणि १८५१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' काढून प्रतिस्पर्धी बनला. मार्गारेट फुलरला त्याने १८४४ मध्ये साहित्यसमीक्षेसाठी घेतलं. वृत्तपत्रात पगारी समीक्षक, तीही बाई, हे तेव्हा नवलच होतं. तिने पुस्तकांबरोबर तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळंही पाहिली आणि त्यावर लिहिलं. पुढे ती युरोपातून वार्तापत्रं पाठवू लागली आणि १८५० मध्ये परतताना न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळच जहाज फुटून बुडाली.

त्याला पटणारी आणि न पटणारी, दोन्ही मतं तो छापायचा, आणि इथे मला त्याचा हेवा वाटतो. फ्रेंच विचारवंत फूरिएच्या सहकारी वसाहतींच्या कल्पनेने तो भारला होता. १८४२ मध्ये आल्बर्ट ब्रिस्बेनला त्याने पहिल्या पानावर त्या प्रचारासाठी जागा दिली, अर्थात पैसे घेऊन. पण १८४६-४७ मध्ये त्याच विषयावर रेमंडशी (तो तेव्हा दुसऱ्या एका वृत्तपत्रात होता) त्याने वाद घातला तेव्हा अट अशी होती की दोघांचे लेख दोन्ही वृत्तपत्रांत छापायचे. प्रत्येकी बारा. म्हणजे ट्रिब्यूनच्या वाचकाला ग्रीलीला धुऊन काढणारे बारा लेख ट्रिब्यूनमध्येच वाचायला मिळाले. बरेच जाणकार म्हणतात की वाद रेमंडने जिंकला. मी ज्या संपादकांच्या हाताखाली काम केलं त्यांतला एकही अशा अटीला तयार झाला नसता. मीही नसतो झालो.

आता मार्क्स. हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, म्हणून नीट सांगतो. मार्क्सला आणलं ते चार्ल्स डेनाने. डेना ट्रिब्यूनचा व्यवस्थापकीय संपादक. त्याने १८४८ च्या उठावांच्या वेळी कोलोनला मार्क्सची भेट घेतली होती. मार्क्सच्या नावाने पहिले लेख छापून आले ते लिहिले होते एंगल्सने, कारण मार्क्सचं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. लेखाला सुरुवातीला एक पौंड मिळायचा, नंतर दोन. १८५१ ते १८६२ या काळात दोघांचे मिळून पाचशेच्या आसपास लेख गेले. बरेचसे ग्रीलीच्या डेस्कने सही काढून अग्रलेख म्हणून छापले आणि त्यावर मार्क्स लंडनमध्ये जळफळत राहिला. पोट त्या लेखांवरच चालत होतं.

मराठी वाचकाला यातला एक धागा माहीत असायला हवा. 'भारतातलं ब्रिटिश राज्य' हा मार्क्सचा लेख ट्रिब्यूनमध्ये २५ जून १८५३ ला आणि त्या राज्याच्या भावी परिणामांवरचा लेख ८ ऑगस्ट १८५३ ला आला. दुसऱ्या लेखात तो म्हणतो की रेल्वे ही भारतात आधुनिक उद्योगाची नांदी ठरेल. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून त्या वेळी चारच महिने झाले होते. १८५७ च्या उठावावरचे लेखही तिथेच. न्यूयॉर्कच्या पलीकडच्या एखाद्या शेतघरात कंदिलाखाली कुणीतरी दिल्लीच्या वेढ्याबद्दल वाचत होता, आणि लिहिणारा लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून. ग्रीलीचं श्रेय एवढंच की डेनाच्या निवडीत त्याने आडकाठी आणली नाही. १८५७ च्या मंदीत जवळजवळ सगळे परदेशी वार्ताहर काढले तेव्हाही मार्क्स राहिला. युद्ध आल्यावर मात्र डेनाही गेला आणि मार्क्सही.

युद्धाकडे वळू. इथे ग्रीली गडबडला, त्यात काही लपवण्यासारखं नाही. जून १८६१ पासून ट्रिब्यूनने रोज ठळक मथळा चालवला: 'रिचमंडवर चाल करा!' रिचमंड ही फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांची राजधानी; २० जुलैला बंडखोरांची काँग्रेस तिथे भरू देऊ नका. मथळा ग्रीलीचा नव्हता, तो डेनाच्या हाताखाली चालला होता. पण छापला त्याच्या वृत्तपत्राने. सैन्य अर्धकच्चं होतं आणि २१ जुलैला बुल रन इथे पळत सुटलं. चारच दिवसांनी ग्रीलीने अग्रलेखात दोष आपल्या अंगावर घेतला आणि खासगीत लिंकनला एक विदीर्ण पत्र लिहिलं: ही माझी सातवी निद्राहीन रात्र, आपलीही असणार, जर शत्रूला हरवणं शक्य नसेल तर तसं सांगून टाका. लिंकनने ते पत्र कपाटात जपून ठेवलं.

दुसऱ्या वर्षी मात्र तो शुद्धीवर होता. २० ऑगस्ट १८६२ ला ट्रिब्यूनने लिंकनला उद्देशून 'दोन कोटींची प्रार्थना' छापली. काँग्रेसने गुलाममुक्तीचे जे कायदे केले ते सरकारचे सेनापती पाळत नाहीत आणि राष्ट्राध्यक्ष गप्प आहेत, हा सूर. लिंकनने दोनच दिवसांनी उत्तर लिहिलं आणि ते आधी छापून आलं दुसऱ्याच वृत्तपत्रात. 'या लढ्यात माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवणं हा आहे, गुलामगिरी वाचवणं किंवा मोडणं हा नाही' हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्याच उत्तरातलं. त्याच पत्रात लिंकन म्हणतो की तुमच्या लेखात अधीर आणि हुकूमशाही सूर असला तरी एका जुन्या मित्रासाठी मी तो सोडून देतो, कारण त्याचं हृदय योग्य जागी आहे असं मी नेहमीच मानत आलो.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. लिंकनने गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा आपल्या मंत्र्यांना एक महिना आधीच, २२ जुलैला, वाचून दाखवला होता. म्हणजे ग्रीलीने निर्णय बदलला नाही. मग उत्तर द्यायचं कारण काय? कारण ग्रीलीच्या वीकलीच्या वाचकांतून लिंकनचे मतदार आणि सैनिक येत होते. राष्ट्राध्यक्षाला त्या शेतघरांशी बोलायचं होतं आणि ग्रीलीने त्याला निमित्त दिलं. महिन्याभरात, २२ सप्टेंबरला, प्राथमिक घोषणा निघाली. संपादकाचा प्रभाव मोजायचा तर मी असा मोजतो: सत्तेला कोणापुढे खुलासा करावासा वाटतो? (त्या मुक्तीची दखल पुण्यातही घेतली गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ग्रीली तेव्हा नुकताच वारला होता.)

त्याची किंमतही त्याने मोजली. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कात दंगल पेटली, काळ्या माणसांना रस्त्यात मारलं गेलं, आणि जमाव ग्रीलीला झाडाला टांगण्याच्या घोषणा देत ट्रिब्यूनच्या इमारतीत घुसला. पोलिसांनी आग लागता लागता आवरली.

आता ते मैदानात उतरणं. पहिली वेळ १८४८-४९ ची, फक्त तीन महिने, काँग्रेसमध्ये एका रिकाम्या जागेवर. तिथे त्याने सदस्यांच्या प्रवासभत्त्याची यादीच छापली: कोणी किती मैल दाखवले आणि टपालाचा सर्वांत जवळचा रस्ता किती. मैलाला चाळीस सेंट मिळत, म्हणून सदस्य वळसे घेऊन येत, कागदावर. जादा उचल ७३ हजार डॉलरहून जास्त निघाली. त्या यादीत अब्राहम लिंकनचंही नाव होतं. बातमीदार म्हणून हा कळस. काँग्रेस सदस्य म्हणून? सगळं सभागृह त्याच्यावर उलटलं आणि त्याने आणलेलं मोफत जमिनीचं विधेयक कुठेच गेलं नाही. तो कायदा १८६२ मध्ये झाला, १६० एकरांचा, दुसऱ्यांच्या हातून, पण ट्रिब्यूनने वीस वर्षं मशागत केलेल्या रानात. 'तरुणा, पश्चिमेला जा' हे वाक्य त्या शब्दांत त्याच्या अग्रलेखांत शोधणाऱ्यांना सापडलेलं नाही. अर्थ मात्र त्याचाच. कोलोरॅडोत १८७० मध्ये ट्रिब्यूनचाच शेती-संपादक नेथन मीकर याने वसाहत काढली, कालवे खणले, दारूबंदी केली आणि गावाला नाव दिलं ग्रीली. ते आजही आहे.

जुलै १८६४ मध्ये बंडखोरांच्या दूतांशी तह करता येईल असं त्याला वाटलं. लिंकनने शहाणपणाने त्यालाच नायगाराला पाठवलं. तिथे कळलं की दूतांना काही अधिकारच नाहीत. १८६७ मध्ये दक्षिणेचा माजी अध्यक्ष जेफरसन डेव्हिसच्या जामिनावर त्याने सही केली. खटल्याविना दोन वर्षं कैदेत ठेवणं गैर, हा त्याचा मुद्दा, आणि मला तो आजही बरोबर वाटतो. पण हजारो वर्गणीदार तुटले, त्याने लिहिलेल्या युद्धाच्या इतिहासाची विक्री कोसळली. न्यूयॉर्कच्या रिपब्लिकनांच्या युनियन लीग क्लबने जाब विचारायला बोलावलं तेव्हा त्याने लिहिलं की तुम्ही कोत्या मनाचे ठोकळे आहात. त्याच वर्षी बायकांच्या मताधिकाराला न्यूयॉर्क राज्याच्या घटनापरिषदेत त्याच्याच समितीने विरोध केला आणि एलिझाबेथ स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी मताधिकाराच्या बाजूचा अर्ज सादर करवला, ज्यावर पहिली सही होती मिसेस होरेस ग्रीली यांची. सभागृह हसलं. ग्रीली इतका चिडला की यापुढे ट्रिब्यूनमध्ये स्टँटनबाईंचा उल्लेख नवऱ्याच्या नावानेच करायचा असा हुकूम काढला. बायकांना नोकरी देणारा, त्यांचं लेखन छापणारा माणूस मताच्या बाबतीत असा कोता निघाला.

आणि शेवट १८७२. राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या राजवटीतल्या भ्रष्टाचाराला विटलेल्या रिपब्लिकनांनी वेगळी चूल मांडली आणि सिनसिनाटीत ग्रीलीला उमेदवारी दिली. पाठोपाठ डेमोक्रॅटांनीही त्यालाच उचलला. ज्या पक्षाला त्याने तीस वर्षं शिव्या घातल्या त्याच पक्षाचा तो उमेदवार. टॉमस नास्टने 'हार्पर्स वीकली'त आठवड्यामागून आठवडा त्याची व्यंगचित्रं काढली. त्याच्याविरुद्ध वापरायला त्याचेच जुने अग्रलेख पुरेसे होते. आपण राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे आहोत की तुरुंगासाठी हेच कळेना, असं तो म्हणाला. मतदानाच्या सहा दिवस आधी, ३० ऑक्टोबरला, बायको वारली. ५ नोव्हेंबरला निकाल: सहा राज्यं.

मग तो कार्यालयात परत आला. त्याने वाचकांना लिहिलेलं छोटंसं निवेदन छापलं गेलं, पण त्याच अंकात कुणीतरी 'समाधानाचे चार तुकडे' अशा अर्थाचा कुत्सित स्फुटलेख घातला: आता नोकऱ्या मागणारे आमच्या दारात यायचे नाहीत, वगैरे. ग्रीली हादरला. त्याने आपण त्याच्याशी सहमत नाही असा खुलासा लिहिला. व्हाइटलॉ रीडने, म्हणजे ज्याच्यावर कार्यालय सोपवून तो निवडणुकीला गेला होता त्याने, तो छापला नाही. ट्रिब्यून १८४९ पासून शंभर शेअरची कंपनी होती, कामगारांनाही शेअर घेता यावेत म्हणून ग्रीलीनेच तशी केलेली. त्यातले त्याच्याकडे आता मोजकेच उरले होते.

मतदानानंतर साडेतीन आठवडे, २९ नोव्हेंबर १८७२ ला, तो वारला. राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, म्हणजे निर्वाचकांची, मतं अजून पडायची होती, त्यामुळे त्याच्या वाट्याचे ६६ निर्वाचक विखुरले. जॉर्जियातल्या तिघांनी मेलेल्या ग्रीलीलाच मत दिलं, काँग्रेसने ती धरली नाहीत. अंत्ययात्रेला ग्रँट आला होता.

रीडने ट्रिब्यून चालवलं, आणि चांगलं चालवलं. जुलै १८८६ मध्ये त्याच कार्यालयात मर्गनथेलरचं ओळी ओतणारं यंत्र पहिल्यांदा वृत्तपत्रासाठी चाललं आणि त्याला 'लायनोटाइप' हे नाव रीडने दिलं, असं सांगतात. हाताने खिळे जुळवणाऱ्यांचे दिवस तिथून संपत आले. ज्या माणसाने १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांच्या संघटनेचं पहिलं अध्यक्षपद घेतलं होतं, त्याच्याच वृत्तपत्रात.